ऐरोलीचा फिटर, उजवा हात आणि १,२०० पल्स: पक्षाघातानंतरच्या चुंबकीय उत्तेजनाचे एक प्रकरण

वय ५४, पुरुष. रबाळे एमआयडीसीत बेंच फिटर, राहायला ऐरोलीत. रक्तदाब जुना, गोळ्या मनाला येईल तशा. एका पहाटे उजव्या अंगाला लकवा मारला. मेंदूच्या डाव्या बाजूला, इंटर्नल कॅप्सूलजवळ (हालचालीच्या तंतूंची जुडी जाते ती जागा), छोटा इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेला भाग. झोपेतून उठल्यावरच कळल्यामुळे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याची साडेचार तासांची मुदत हुकली. चार महिन्यांनी चालणे जवळपास पूर्वीसारखे, बोलणे किंचित जड, हात मात्र अडून बसलेला. खांदा पुढून ९० अंशांपर्यंत उचलतो, कोपर वाकते, मूठ मिटते. उघडताना बोटे जेमतेम १० ते १५ अंश सरळ होतात. म्हणजे वस्तू पकडता येते, सोडता येत नाही.

हे वर्णन कोणा एका रुग्णाचे नाही. अशा रुग्णांत नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून प्रकरण बांधले आहे आणि त्यातले मोजमापाचे आकडे उदाहरणादाखल आहेत. संशोधनाचे आकडे मात्र प्रत्यक्षातले आहेत.

कुटुंबापुढे दोन रस्ते होते. एका खाजगी क्लिनिकचे दहा सेशनचे पॅकेज, ज्याची जाहिरात मुलाला व्हॉट्सॲपवर मिळाली. आणि नेरुळच्या एका रुग्णालयातली क्लिनिकल चाचणी, जिच्याबद्दल फिजिओथेरपिस्टने सांगितले. दोन्हीकडे मशीन एकाच जातीचे, मेंदूला बाहेरून चुंबकीय उत्तेजन देणारे. प्रश्नही एकच: मशीन लावले तर हात येईल का?

मशीन करते काय

फिटर माणसाला हे समजावणे सोपे जाते. कपॅसिटर चार्ज करायचा आणि इंग्रजी आठच्या आकाराच्या कॉइलमधून एका झटक्यात सोडायचा, ही झाली एक पल्स. काही हजार ॲम्पियरचा प्रवाह सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यापुरता वाहतो आणि कॉइलच्या तोंडाशी दीड ते दोन टेस्लाचे क्षेत्र तयार होते. ते कवटीतून विनासायास आत जाते आणि दोन-तीन सेंटिमीटर खोलीवरच्या पेशींत प्रवाह उपजतो. ट्रान्सफॉर्मरचेच तत्त्व, सेकंडरीच्या जागी मेंदू. १९८५ मध्ये शेफिल्डला अँथनी बार्कर यांच्या गटाने हे पहिल्यांदा करून दाखवले. हा शॉक नव्हे. मनोविकारासाठी भूल देऊन देतात त्या ईसीटीशी याचा संबंध नाही, आणि हे पहिल्याच भेटीत सांगितले नाही तर बायको पुढच्या भेटीला रुग्णाला आणतच नाही.

आता हात उजवा, इजा डावीकडे, आणि कॉइल लावतात उजव्या बाजूला. इथे सगळ्यांचाच गोंधळ होतो. विचार असा की मेंदूचे दोन्ही अर्धगोल एकमेकांना दाबून धरतात. डावा दुबळा झाला की उजवा मोकाट सुटतो आणि आधीच अर्धमेल्या डाव्याला आणखी दाबतो. सेकंदाला एक, म्हणजे १ हर्ट्झ, अशा संथ पल्सनी उजव्याला थोडे शांत केले तर डाव्याला डोके वर काढायला वाव मिळेल. विचार देखणा आहे. पण तो सर्वांना लागू पडत नाही. ज्यांच्या डाव्या बाजूचा, मेंदूकडून हाताकडे जाणारा मार्ग जवळपास संपलाच आहे, त्यांच्यात उजवा अर्धगोलच उरलासुरला भार वाहत असू शकतो. त्यालाच दाबणे म्हणजे कुबडी काढून घेणे. म्हणून मार्ग किती शिल्लक आहे हे मोजल्याशिवाय कॉइल लावू नये, आणि पॅकेजवाल्या ठिकाणी नेमके हेच मोजमाप गाळले जाते.

चाचणीत घेण्याआधी

कुटुंबाने चाचणी निवडली. छापील अर्जावर प्रश्न असतो: डोक्यात धातू आहे का? आपल्या फिटर काकांचे उत्तर: नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे प्लेट आणि स्क्रू. लोखंडात आयुष्य गेलेल्या माणसाला प्रश्न असा विचारावा लागतो: "काका, ग्राइंडिंग करताना डोळ्यात कण गेला होता का कधी?" तेव्हा बायको म्हणाली, "दोनदा. एकदा तर डॉक्टरकडे जाऊन काढावा लागला." बुबुळात किंवा खोबणीत राहिलेला लोखंडी कण एमआरआयमध्येही धोक्याचा आणि कॉइलजवळही. काकांचा मेंदूचा एमआरआय या दोन्ही घटनांनंतर झालेला होता, तरी खोबणीचा एक्स-रे काढून घेतला. स्वच्छ निघाला. पेसमेकर, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या धमनीवरची क्लिप, पूर्वी आलेली फिट हे बाकीचे प्रश्न ठरलेले असतात.

दुसरी अडचण औषधांच्या पिशवीत सापडली. लकव्यानंतर खांदा दुखतो, आणि जवळच्या दवाखान्यातून काकांना ट्रामाडोल मिळाले होते. ते फिटचा उंबरठा खाली आणते, म्हणजे फिट सहज येऊ शकते. १ हर्ट्झच्या संथ पल्सनी फिट येणे फार दुर्मीळ आहे, पण मेंदूत इजा असलेल्या माणसाच्या बाबतीत दुर्मीळ म्हणून सोडून देता येत नाही. न्यूरॉलॉजिस्टने औषध बदलले, आणि नव्या औषधावर स्थिर होईपर्यंत प्रवेश पुढे ढकलला. पिशवी रिकामी करून एकेक पट्टी बघायची असते. "बीपीची आणि रक्त पातळ करायची, बस" या उत्तरावर कधी थांबू नये.

हाताचे मोजमाप फ्युगल-मायर मापनावर, हातासाठी पूर्ण गुण ६६. काकांचे ३१. या मापनात साधारण ५ गुणांची वाढ झाली की रुग्णाला स्वतःला फरक जाणवतो असे धरतात. सोबत मनगटाचा ताठरपणा, सुधारित ॲशवर्थ श्रेणीवर १+, म्हणजे सौम्य. बोटे स्वतःहून थोडी तरी सरळ होतात का, हा सगळ्यांत कामाचा प्रश्न. मोठ्या यंत्रांच्या आधी तो साध्या डोळ्यांनी सुटतो, त्याला एक पैसा लागत नाही.

संमतीपत्र मराठीत, आणि त्यात "तुम्हाला खरे उत्तेजन मिळेल की बनावट, हे तुम्हाला आणि हात तपासणाऱ्याला कळणार नाही" हे वाक्य ठळक. काकांना वाचता येत होते, पण सहीचा हात निकामी. डाव्या हाताने केलेली सही बँकेतल्या सहीशी जुळत नाही म्हणून मुलगा घाबरला. त्याची गरज नसते. डाव्या हाताची सही चालते. चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार शेजारी बसवला आणि सही डाव्या हाताची का, ते कागदावर नोंदवून ठेवले.

कुटुंबाने खात्री करण्याच्या दोन गोष्टी. चाचणी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत आहे का, ते संकेतस्थळावर कोणालाही शोधता येते. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते, नंतर घेतली जात नाही. आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा म्हणून जो खर्च असेल तो सहभागी माणसाच्या खिशातून घ्यायचा नसतो. "संशोधन आहे" असे सांगून कोणी सेशनचे पैसे मागत असेल, तर ते संशोधन नव्हे, दुकान.

उंबरठा शोधणे: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

उंबरठा म्हणजे हाताचा स्नायू पूर्ण सैल असताना, दहातल्या किमान पाच पल्सना ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद देणारी सर्वांत कमी तीव्रता. इलेक्ट्रोड तर्जनीच्या बाजूच्या स्नायूवर, अंगठा आणि तर्जनी यांमधल्या मांसल भागात. कॉइल डोक्याला चपटी टेकवून, दांडा मागे आणि बाहेर, मधल्या रेषेशी ४५ अंशांत. सेंटिमीटर-सेंटिमीटर सरकवत जिथे प्रतिसाद सगळ्यांत मोठा येतो ती जागा टोपीवर मार्करने पक्की करायची.

५० मायक्रोव्होल्ट म्हणजे किती थोडे, ते पहिल्या दिवशीच दिसले. स्क्रीनवर स्नायू शांत असतानाही ८० मायक्रोव्होल्टची नेटकी लहर, सेकंदाला ५० वेळा. घरगुती विजेची गुणगुण. त्यात खरा प्रतिसाद कुठला ओळखणार? कारणे तीन सापडली: त्वचा स्पिरिटने नीट पुसलेली नव्हती (सकाळी हाताला तेलाने मालीश करून काका आले होते), अर्थचा इलेक्ट्रोड घामाने सुटला होता, आणि खुर्चीमागच्या त्याच बोर्डवर एसी चालू होता. त्वचा पुसून अर्थचा इलेक्ट्रोड मनगटावर नव्याने चिकटवला, वायरींना पीळ दिला, मशीनचे प्लग दुसऱ्या बोर्डवर नेले. लहर १० मायक्रोव्होल्टच्या आत आली. मगच मोजणी. दमट हवेत नवी मुंबईच्या कुठल्याही खोलीत ही अर्ध्या तासाची कटकट धरूनच चालावे. मालीश सेशननंतर करा, हे घरी सांगून ठेवावे.

दुसरी फसगत ताठर हाताची. दुबळा हात मांडीवर ठेवला तरी बोटे आत ओढलेली असतात, म्हणजे स्नायू सैल नसतोच. किंचित ताणलेल्या स्नायूला कमी तीव्रतेतही प्रतिसाद येतो आणि उंबरठा खोटाच खाली दिसतो. म्हणून पल्सच्या आधीचे १०० मिलिसेकंद बघायचे. रेषा सपाट नसेल तर तो प्रतिसाद मोजायचा नाही. हात उशीवर, मनगट किंचित वर, बोटांखाली मऊ फडक्याची वळकटी, दोन मिनिटे थांबायचे.

काकांचे आकडे: निरोगी उजव्या अर्धगोलाचा उंबरठा मशीनच्या क्षमतेच्या ४८ टक्के. इजा झालेल्या डाव्याचा ७१ टक्के, प्रतिसाद लहान आणि उशिरा, पण येतो. म्हणजे मार्ग अरुंद झाला आहे, बंद पडलेला नाही. चाचणीची अट पूर्ण. ४८ च्या ९० टक्के म्हणजे ४३, ती उत्तेजनाची तीव्रता. दर आठवड्याला उंबरठा नव्याने, कारण अपुरी झोप, चहा-कॉफी आणि औषध यांनी तो हलतो.

तीन आठवडे

आठवड्यात पाच दिवस, पंधरा सेशन. प्रत्येकात १,२०० पल्स, १ हर्ट्झने २० मिनिटे. कानात बोळे दोघांच्याही, रुग्णाच्या आणि कॉइल धरणाऱ्याच्या. कॉइलचा टकटकाट वाटतो त्याहून मोठा असतो. टोपी दर वेळी नाकाच्या मुळापासून मोजून बसवायची. तिसऱ्या दिवशी ती एक बोट मागे सरकलेली सापडली, कारण काका केस कापून आले होते आणि टोपी सैल बसत होती. कॅमेऱ्याने जागा दाखवणारी नॅव्हिगेशन यंत्रणा असेल तर हे लगेच कळते. नसेल तर हनुवटीचा पट्टा आणि मोजपट्टी, दोन्ही हवीत. खोलीतल्या प्रत्येकाला फिट आल्यास काय करायचे हे पाठ असले पाहिजे: कुशीवर वळवणे, वेळ बघणे, तोंडात काही न घालणे. कांदा आणि चप्पल हुंगवणारे नातेवाईक बाहेर.

नंतरचा एक तास हाताच्या सरावाचा, आणि माझ्या मते चाचणीचा खरा ऐवज हाच. नेहमीच्या फिजिओथेरपीत हाताच्या उपयुक्त हालचाली किती होतात, हे उत्तर अमेरिकेत बसून मोजले गेले तेव्हा एका सेशनला सरासरी ३२ निघाल्या. इथे लक्ष्य ३०० चे. त्यासाठी रुग्णाला ज्यात गोडी आहे तेच काम द्यावे लागते. प्लास्टिकच्या शंकूंना काका दोन दिवसांत कंटाळले. मग लाकडी फळीवर बोल्ट उलटे ठोकून पक्के केले, सुरुवात एम२०, म्हणजे २० मिलिमीटर जाडीच्या बोल्टपासून. नट उचल, बोल्टवर ठेव, अडीच आटे फिरव, सोड. "सोड" हाच अवघड भाग. नट बोटांना चिकटल्यासारखा राहायचा. त्यावर उपाय म्हणजे मनगट आधी थोडे खाली पाडून बोटे उघडायला लावणे. मनगट वाकले की बोटांच्या मागच्या कंडरा ताणल्या जातात आणि बोटे आपोआप थोडी उघडतात. पुढे हा टेकू काढून घ्यायचा. दुसऱ्या आठवड्यात एम१६, तिसऱ्यात एम१२ आणि वॉशर.

लबाडी कुठे होते ते बघत राहावे लागते. हात पुढे जात नाही म्हणून छाती पुढे झुकते, खांदा कानाकडे चढतो, डावा हात नकळत मदतीला येतो. छाती खुर्चीच्या पाठीला रुंद पट्ट्याने बांधली, डाव्या हातात जाड मोजा. मोजदाद काउंटरने, आणि मोजायची फक्त नीट झालेली हालचाल. काकांचे पहिल्या दिवशी ७०, शेवटच्या आठवड्यात २६० च्या आसपास. ३०० झाले नाहीत.

दोन सेशन बुडाली. एकदा पावसाने ट्रान्सहार्बर लोकल ठप्प, एकदा काका वाशी लोकलमध्ये बसले. नेरुळला जायचे तर पनवेल किंवा नेरुळ गाडी लागते, वाशीच्या गाडीतून तुर्भ्याला उतरून बदलावी लागते, आणि एका हाताने दांडा धरणाऱ्या माणसाला ती चढउतर जड जाते. दोन्ही सेशन शेवटी जोडून घेतली आणि ठरलेल्या आराखड्यातून विचलन म्हणून नोंदवली. अशा चाचण्यांतून लोक डोकेदुखीपेक्षा प्रवासाला कंटाळून गळतात. सकाळची गर्दी टाळून साडेअकराची वेळ देणे हा काही उपकार नव्हे, आराखड्याचाच भाग समजावा.

आणखी एक गळती वेटिंगच्या बाकावर होते. "तुमच्या डोक्याला टकटक लागते का हो? मला तर काहीच नाही लागत." एवढे संभाषण झाले की खरे कोणाला आणि बनावट कोणाला याचा अंदाज सगळे बांधू लागतात. त्यामुळे दोन रुग्णांच्या वेळांत किमान पाऊण तासाचे अंतर ठेवायचे, आणि शेवटी प्रत्येकाला विचारून घ्यायचे की तुम्हाला काय मिळाले असे वाटते. काका म्हणाले, "खरंच असणार."

आकडे काय म्हणाले, आणि काय म्हणाले नाहीत

तीन आठवड्यांअखेर फ्युगल-मायर ३८. सात गुण वर. तीन महिन्यांनी ३९. बोटे ३० अंशांपर्यंत उघडू लागली. घरी मशीनचे गुणगान सुरू झाले आणि मुलाने पॅकेजवाल्या क्लिनिकला पुन्हा फोन लावला: अजून दहा सेशन घेतली तर आणखी सात गुण?

इथे हात आखडता घ्यावा लागतो. याच पद्धतीची मोठी चाचणी, नीश, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९ रुग्ण, स्ट्रोकनंतर ३ ते १२ महिने, निरोगी बाजूवर १ हर्ट्झ, सहा आठवड्यांत १८ सेशन, सोबत हाताचा सराव. सहा महिन्यांनी पाच किंवा जास्त गुण मिळवणारे: खऱ्या गटात ६७ टक्के, बनावट गटात ६५ टक्के. म्हणजे काकांसारखी सुधारणा बनावट कॉइलखालीही तिघांतल्या जवळपास दोघांना झाली. सराव दोन्ही गटांना सारखाच होता. काकांचे सात गुण खरेच आहेत, फक्त त्यांचे श्रेय कॉइलला द्यायला आधार नाही. त्यांना खरे मिळाले की बनावट, हे लिहिलेले पाकीट अजून बंद आहे आणि सगळ्या रुग्णांची माहिती पक्की होईपर्यंत उघडणार नाही. उघडले तरी एका माणसावरून काही सिद्ध होत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२० च्या शिफारशींत नेमक्या याच पद्धतीला, स्ट्रोकनंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांतल्या हातासाठी, सर्वांत वरची श्रेणी दिली आहे. ती मुख्यतः लहान अभ्यासांच्या बेरजेवर. लहान अभ्यासांत निवडक रुग्ण असतात आणि अनुकूल निकाल छापून यायची शक्यता जास्त, त्यामुळे मोठी चाचणी आणि बेरीज यांचे जमत नसेल तर आमचे वजन मोठ्या चाचणीकडे. या क्षेत्रात असे आधीही झाले आहे. मेंदूच्या आवरणावर शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोड बसवणारी एव्हरेस्ट चाचणी सुरुवातीच्या चांगल्या निकालांनंतर मोठ्या टप्प्यात आपटली. डोक्यावर स्पंज ठेवून सौम्य डीसी करंट देणारी ट्रान्सपोर्ट-२, १२९ रुग्ण, २ आणि ४ मिलीॲम्पियर विरुद्ध बनावट: गटांत फरक नाही.

त्या करंटचा मोह काकांना झालाच. "दोन मिलीॲम्पियर ना? नऊ व्होल्टची बॅटरी आणि रेझिस्टर, मी घरी बनवतो." बनवू नये. त्वचेचा रोध मिनिटामिनिटाला बदलतो, त्यामुळे साध्या रेझिस्टरने करंट स्थिर राहत नाही. आणि स्पंज एका कोपऱ्यात सुकला की ३५ चौरस सेंटिमीटरवर पसरायचा करंट नखाएवढ्या जागेतून जातो आणि तिथे भाजते.

मुलाने वाचलेला तिसरा पर्याय वेगळ्या जातीचा. मानेतल्या व्हेगस नसेवर शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोड बसवायचा आणि प्रत्येक नीट हालचालीच्या क्षणी अर्ध्या सेकंदाचे उत्तेजन द्यायचे. २०२१ च्या १०८ रुग्णांच्या चाचणीत फ्युगल-मायर ५.० विरुद्ध २.४ गुणांनी वाढले, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाने त्याला मान्यता दिली. पण त्यात स्ट्रोकला किमान नऊ महिने झालेले रुग्ण होते. काकांसाठी तो आजचा विषय नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तिथेही दर सेशनला ३०० च्या वर हालचाली होत्या.

पॅकेजचे पैसे फिजिओथेरपीकडे वळवायचे ठरले. आठवड्यात तीन दिवस ऐरोलीतच, आणि घरी रोज नटबोल्टची फळी, सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास, वहीत आकडा. देशातल्या १,२५० रुग्णांच्या अटेंड चाचणीत कुटुंबाला शिकवून घरी व्यायाम करून घेण्याचा फायदा दिसला नव्हता, म्हणून घरच्या सरावावर सगळी भिस्त ठेवली नाही. वही दर पंधरा दिवसांनी थेरपिस्टने बघायची आणि आकडा दोनदा अडला तर बोल्टचा आकार बदलायचा. मनगटाचा ताठरपणा ॲशवर्थवर २ झाला तर बोटुलिनमचा, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा विचार. रक्तदाबाच्या गोळ्यांची जबाबदारी बायकोकडे.

कारखान्याला दिलेल्या पत्रात असे लिहिले: ग्राइंडरवर नाही, दोन्ही हातांनी बटणे दाबायच्या प्रेसवर नाही, असेंब्लीच्या टेबलावर पहिले चार आठवडे अर्धी पाळी, रात्रपाळी सहा महिने बंद, आणि सहाव्या महिन्यात पुन्हा मोजमाप.